डिझेल ट्रक स्टार्ट होत नाही: पुन्हा सेल्फ मारण्याआधी काय बघायचं

ट्रक उठला नाही की हात आपोआप पुन्हा किल्लीकडे जातो. दुसऱ्यांदा, पाचव्यांदा, दहाव्यांदा. दहाव्या वेळेपर्यंत मूळ बिघाड जागच्या जागी असतो, वर बॅटरी उतरलेली असते आणि सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) हात लावू नये इतका तापलेला असतो. एका दोषाचे तीन दोष होतात आणि मग नेमकं आधी काय बिघडलं होतं ते शोधणंही अवघड होतं. म्हणून एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, दोन प्रयत्नांत एक-दोन मिनिटं जाऊ द्या आणि तिसऱ्यांदाही इंजिन उठलं नाही तर किल्ली सोडून खाली उतरा.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा साधारण १६ ते २० पट दाबली जाते, त्या दाबाने ती ५०० अंश सेल्सियसच्या वर तापते आणि तिच्यात डिझेलचा बारीक फवारा पडला की तो स्वतःच पेटतो. म्हणजे इंजिनाला हवं ते इतकंच: पुरेशा वेगाने फिरणं, डिझेल, मोकळी हवा आणि घट्ट कॉम्प्रेशन. नव्या ट्रकमध्ये यात कंट्रोल युनिटची (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची) परवानगी ही आणखी एक गोष्ट येते. यातलं काय कमी पडतंय हे इंजिन पहिल्या दहा सेकंदांत सांगतं. कान सेल्फकडे आणि डोळे सायलेन्सरकडे हवेत. शक्यतो दुसऱ्या माणसाला किल्लीवर बसवा आणि स्वतः बाहेर उभे राहा.

काम सुरू करण्याआधी गिअर न्यूट्रल, हँडब्रेक लावलेला, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. केबिन उचलली असेल तर तिचा लॉक बसलाय हे स्वतः बघा. इंजिन हाताने फिरवायचं असेल तेव्हा बॅटरीचा मेन स्विच बंद ठेवा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा.

किल्ली फिरवली, काहीच आवाज नाही

आधी डॅशबोर्डकडे बघा. एकही दिवा लागत नसेल तर मेन स्विच बंद आहे, मोठा फ्यूज उडालाय किंवा बॅटरीचं टर्मिनल सुटलंय. बॅटरीचा मेन स्विच कोणीतरी बंद करून गेलं आणि तासभर वायरिंग उकलत बसले, असं नेहमी घडतं. तो पहिल्यांदा बघायला लाज वाटू देऊ नका.

दिवे नीट लागतात, पण सेल्फ गप्प आहे, तर संशय सेल्फच्या कंट्रोल सर्किटवर घ्या. गिअर खरंच न्यूट्रलमध्ये आहे का? क्लच दाबल्याशिवाय स्टार्ट न होणाऱ्या गाडीत क्लच पेडलखालचा स्विच काम करतोय का? ऑटोमॅटिक किंवा एएमटी (क्लच-गिअर यंत्रणा स्वतःच बदलते अशा) गाडीत डिस्प्लेवर 'एन' दिसतंय का? त्यानंतर स्टार्टरचा फ्यूज आणि रिले. रिले तपासायची सोपी रीत म्हणजे त्याच नंबरचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, काढून तिथे लावून बघणं.

एवढ्यावर भागलं नाही तर टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर घेऊन सेल्फपाशी जा. सॉलेनॉइडवर (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) एक जाड केबल थेट बॅटरीकडून आलेली असते, तिच्या टर्मिनलवर बहुधा ३० लिहिलेलं असतं. बारीक वायरीच्या टर्मिनलवर ५०. किल्ली स्टार्टवर धरली असताना ५० वर जवळपास बॅटरीइतका व्होल्टेज यायला हवा. येतोय आणि सॉलेनॉइड टक् करत नाही, तर सॉलेनॉइड गेला. येतच नाही, तर दोष मागे आहे: रिले, न्यूट्रल स्विच, किल्लीचा स्विच किंवा मधली तुटलेली वायर. एकेक टप्पा मागे सरकत व्होल्टेज कुठपर्यंत पोहोचतोय ते बघा. ३० आणि ५० स्क्रूड्रायव्हरने जोडून सेल्फ मारायची सवय अनेकांना असते. गाडी गिअरमध्ये असेल तर ती अंगावर येते, आणि हे करताना माणूस नेमका चाकाच्या पुढे असतो. ते करू नका.

कटकट, किंवा एकच टक्

भराभर कटकट असा आवाज म्हणजे बॅटरी कमजोर. सॉलेनॉइड ओढला जातो, मोटर करंट खेचते, व्होल्टेज कोसळतो, सॉलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत वर येतो, पुन्हा ओढला जातो. हे चक्र सेकंदाला अनेक वेळा चालतं.

बहुतेक जड ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. दोन्ही टोकांना मीटर लावून २४.५ आलं म्हणून समाधान मानू नका. एकेक बॅटरी वेगळी मोजा. गाडी काही तास उभी असेल तर चांगली भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० च्या खाली गेली तर ती इंजिन उचलणार नाही. एक १२.६ आणि दुसरी १०.५ असेल तर दुसरीचा एक सेल मेलाय, कारण प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा असतो. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर जास्त खरं बोलतो: भरलेल्या सेलच्या ॲसिडची घनता १.२६५ ते १.२८०, आणि एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर ती बॅटरी बदलायची. बदलताना दोन्ही एकदम बदला. जुनीच्या जोडीला नवी लावली की एक नेहमी अर्धपोटी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते.

नुसता उभ्या गाडीचा व्होल्टेज पुरेसा नाही. सेल्फ मारत असताना मोजा. २४ व्होल्टच्या गाडीत तो १९ च्या आसपास किंवा वर टिकायला हवा. त्याहून खाली कोसळला तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर करंट ओढतोय. व्होल्टेज २४ लाच राहिला आणि सेल्फ फिरलाच नाही, तर करंट सेल्फपर्यंत जातच नाही. मीटर हाताशी नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे पार विझले तर बॅटरी किंवा तिचे जोड. दिवे तसेच लख्ख राहिले तर सॉलेनॉइड, सेल्फ किंवा मधली केबल.

जोडांकडे लोक कमी लक्ष देतात. टर्मिनल वरून चकचकीत आणि आत करपलेलं असू शकतं. त्यासाठी मीटरचा एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरा सेल्फच्या ३० नंबरवर धरून सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपर्यंत घट ठीक. एक व्होल्टच्या वर गेली तर त्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. मग हीच तपासणी निगेटिव्ह खुंटी आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यात करा. अर्थिंगची पट्टी गंजली की करंट दुसरी वाट शोधतो, आणि मग ॲक्सिलरेटरची केबल किंवा गिअर लिंकेजसारखी भलतीच वस्तू सेल्फ मारताना गरम लागते. अशी खूण सापडली तर दुसरं काही उघडायचं कारण नाही, इंजिन ते चेसिस अर्थ नवा करा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, तारेच्या ब्रशने घासा, घट्ट आवळा, वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी, म्हणजे पाना चेसिसला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

एकच जड 'ठक्' आणि पुढे शांतता असेल तर तीन शक्यता: सॉलेनॉइडच्या आतले तांब्याचे काँटॅक्ट जळालेत, मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत, किंवा इंजिनच जाम आहे. सेल्फच्या बॉडीवर हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच ठोकल्यावर एकदा उठला, तर ब्रश अडकत होते असं समजा. ही दुरुस्ती नव्हे. पुढच्या वेळी तो भर चढावर अडकेल.

इंजिन जाम आहे का हे क्रँक पुलीचा नट किंवा फ्लायव्हील फिरवायचा टूल वापरून हाताने बघा. दोन पूर्ण फेरे फिरायला हवेत. अर्ध्यात कडक अडलं, आणि त्यातही कूलंट कमी झालेलं असेल किंवा गाडी खोल पाण्यातून गेली असेल, तर सिलिंडरमध्ये पाणी आहे. द्रव दाबला जात नाही. अशा वेळी सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काम हेड गॅस्केटवरून थेट अर्ध्या इंजिनावर जातं. सगळे इंजेक्टर काढा, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर येऊ द्या, आणि ते कुठून आलं ते कळल्याशिवाय पुन्हा जोडू नका.

सेल्फ घर्रर्र करून मोकळाच फिरतोय, इंजिन हलत नाही: पिनियनचा (सेल्फच्या दातेरी चाकाचा) क्लच घसरतोय किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात खाल्ले गेलेत. इंजिन हाताने थोडं फिरवून पुन्हा मारल्यावर पकडला, तर दात एका जागी झिजलेत. इंजिन बंद होताना बहुतेक वेळा ठरावीक जागांवरच थांबतं, त्यामुळे तेच दात मार खातात.

दुसऱ्या गाडीवरून करंट घेताना

२४ ला २४ च. १२ व्होल्टच्या गाडीने २४ व्होल्टचा ट्रक उठत नाही, आणि २४ व्होल्टवरून १२ व्होल्टची गाडी उठवायला गेलात तर त्या छोट्या गाडीची इलेक्ट्रॉनिक्स जळतात. दोन बॅटऱ्या असल्यामुळे कुठली खुंटी ते नीट बघा: जिथून केबल सेल्फकडे जाते तो पॉझिटिव्ह, जिथून चेसिसला जाते तो निगेटिव्ह. दोघींना एकमेकींशी जोडणाऱ्या मधल्या पट्टीला हात नाही.

लाल केबल आधी बंद ट्रकच्या पॉझिटिव्हला, मग चालू ट्रकच्या पॉझिटिव्हला. काळी चालू ट्रकच्या निगेटिव्हला, आणि तिचं शेवटचं टोक बंद ट्रकच्या बॅटरीवर न लावता इंजिन ब्लॉकवर किंवा चेसिसच्या घासून साफ केलेल्या भागावर. शेवटच्या जोडाला ठिणगी पडतेच, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेटायला तेवढी पुरते. देणाऱ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून पाच-दहा मिनिटं थांबा, मगच सेल्फ मारा. बारीक केबलने हे काम होत नाही. ती तापते आणि सेल्फ तसाच रेंगाळतो. बॅटरी गोठलेली किंवा फुगलेली असेल तर हा प्रकार करूच नका.

धक्का मारून किंवा ओढून स्टार्ट करायचा विचार असेल तर आधी एअर प्रेशरचा काटा बघा. टाकीत हवा नसेल तर मागचे स्प्रिंग ब्रेक सुटतच नाहीत, पॉवर स्टिअरिंगही नसतं. ऑटोमॅटिक आणि एएमटी गाड्या ओढून स्टार्ट होत नाहीत.

इंजिन जोरात फिरतंय, पण पेट घेत नाही: धूर बघा

आधी 'जोरात' म्हणजे काय ते ठरवा. मिनिटाला १०० ते १५० फेऱ्यांच्या खाली हवा पुरेशी तापत नाही. दाबली जात असताना ती रिंगमधून निसटते आणि सिलिंडरच्या भिंतींना उष्णता देऊन बसते. सेल्फ आळसटलेला असेल तर डिझेलच्या मागे लागण्याआधी वरचा भाग पुन्हा वाचा.

वेग ठीक आहे, आणि सायलेन्सरमधून काहीच येत नाही: डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाहीये. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतोय: डिझेल पोहोचतंय, पेटत नाही. काळा धूर आणि इंजिन घुसमटल्यासारखं करतंय: हवा अडलीय. या एका निरीक्षणाने निम्मं काम कमी होतं, आणि तरी बरेच जण धूर न बघताच फिल्टर उघडतात.

धूर नाही: डिझेल कुठे अडलं

टाकीत डिझेल आहे का, हे काट्यावरून ठरवू नका. स्वच्छ काठी बुडवून बघा. ओढणारा पाइप तळापासून थोडा वर असतो, त्यामुळे गाडी उतारावर तिरकी उभी असेल तर तळाला डिझेल असूनही पाइप कोरडा राहतो. टाकीचं झाकण उघडताना 'फुस्स' करून हवा आत शिरली तर झाकणाचं श्वासछिद्र बुजलंय.

मग स्टॉपची यंत्रणा. जुन्या गाडीत केबल ओढून इंजिन बंद करतात. ती केबल अडकली की पंपावरचा लिव्हर बंदच राहतो आणि तुम्ही कितीही सेल्फ मारा, डिझेल शून्य. लिव्हर हाताने हलवून बघा. सॉलेनॉइडवाल्या गाडीत दोन प्रकार असतात: एकात करंट मिळाल्यावर डिझेल चालू होतं, दुसऱ्यात करंट मिळाल्यावर बंद. पहिल्या प्रकारात वायर सुटली की गाडी उठत नाही. किल्ली ऑन केल्यावर पंपापाशी 'टक्' ऐकू यायला हवं.

आता एअर धरणे, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरणं. मेकॅनिकल पंपाच्या ट्रकमध्ये, विशेषतः डिझेल संपलेलं असेल किंवा नुकताच फिल्टर बदलला असेल, तर बहुधा हेच निघतं. हवा दाबली जाते, डिझेल नाही. लाइनमध्ये बुडबुडा असला की पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा लहान-मोठा करण्यात जातो आणि नोझल (इंजेक्टरचं फवारा सोडणारं टोक) उघडण्याइतका दाब तयारच होत नाही.

एअर टाकीकडून इंजिनाकडे, याच क्रमाने काढायची. फीड पंपावरच्या (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) हँड प्रायमरची, म्हणजे हाताने मारायच्या छोट्या पंपाची, मूठ फिरवून मोकळी करा. पहिल्या फिल्टरवरचा एअर स्क्रू एक-दोन फेरे सैल करा, खाली भांडं धरा आणि प्रायमर मारत राहा. आधी फेस येईल, मग फेस आणि डिझेल मिळून, मग स्वच्छ अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. आधी मारणं थांबवून मग आवळलात तर तिथूनच हवा परत आत जाते. हेच दुसऱ्या फिल्टरवर, मग इंजेक्शन पंपाच्या स्क्रूवर. प्रायमर हाताला कडक लागला की थांबा आणि मूठ पुन्हा पूर्ण आवळा. ती अर्धवट राहिली तर उद्या तिथूनच हवा धरेल. एरवी कधी कधी प्रायमर पोकळच चालतो, डिझेल उचलत नाही. लहान लिव्हरच्या डायफ्राम पंपात असं झालं तर कॅम नेमका वर अडलेला असतो. इंजिन थोडं हाताने फिरवा, पंप धरायला लागतो.

तरीही नाही उठलं तर दोन-तीन सिलिंडरच्या नोझल पाइपचे नट इंजेक्टरच्या बाजूला अर्धा ते एक फेरा सैल करा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि दहा सेकंद सेल्फ मारा. पाइपातून डिझेलचे ठोके येऊ लागले की नट आवळा. बहुतेक वेळा शेवटचा नट आवळेपर्यंत इंजिन खोकायला लागलेलं असतं. हात आणि डोळे लांब ठेवा, वर कापड टाका. ही शेवटची पायरी फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाला. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून खूप दाबाने डिझेल देणारी नवी पद्धत) हाय प्रेशरचा नट सेल्फ मारताना कधीही सैल करायचा नाही. त्या दाबाची धार त्वचेतून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत बोट किंवा हात कापायची वेळ येते. तसं झालंच तर वाट न बघता थेट शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयात जा आणि 'डिझेल दाबाने आत गेलंय' हे सांगा.

एअर काढल्यावर गाडी उठली, चार तास चालली आणि रात्रभर उभी राहिल्यावर पुन्हा तेच, तर हवा आत कुठून येते ते शोधायला हवं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवली की डोकेदुखी निम्मी होते. फीड पंपाच्या पुढे गळती असेल तर डिझेल बाहेर टपकतं, दिसतं. पंपाच्या मागे, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या ओढणाऱ्या बाजूला फट असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत ओढली जाते. तिथे ओल नसते, डाग नसतो, काहीच दिसत नाही. त्या बाजूचा प्रत्येक रबरी पाइप, क्लिप, वॉटर सेपरेटरचा रबर सील आणि बँजो बोल्टचे (आतून डिझेल जाणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर संशयित धरा. वॉशर एकदा दाबले की कडक होतात, त्यामुळे नवेच लावावेत. मिळत नसतील तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले की तांबं पुन्हा मऊ होतं. पंपाच्या आधी फूटभर पारदर्शक नळी जोडून ठेवली तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

त्याहून खात्रीची युक्ती म्हणजे टाकी पूर्ण बाजूला ठेवणं. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घ्या, तो पंपापेक्षा उंच ठेवा, फीड पंपाची ओढणारी नळी थेट त्यात सोडा आणि रिटर्नही त्याच कॅनमध्ये. असा ट्रक बिनतक्रार उठला तर दोष टाकी आणि पंप यांच्या मधल्या लाइनमध्येच आहे. पंप उघडायची गरज नाही.

इनलाइन पंपावर (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर असलेला इंजेक्शन पंप) रिटर्नच्या तोंडाशी ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह असतो. दिसायला साधा बोल्ट, आत एक स्प्रिंग आणि गोळी. ती स्प्रिंग तुटली की पंपाच्या गॅलरीत दाब टिकत नाही, सकाळी गाडी उठायला रडते, आणि लोक नोझल बदलून मोकळे होतात.

पाण्यासाठी बाटलीची परीक्षा पुरते. वॉटर सेपरेटर किंवा फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून अर्धा लिटर डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या, दहा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी खाली बसतं आणि रेष स्पष्ट दिसते. तपकिरी चिकट गाळ आला तर टाकीत पाण्याच्या थरावर जंतू वाढलेत. नुसता फिल्टर बदलून चार दिवस निघतील, टाकी धुवावीच लागेल. आणि डिझेलच्या टाकीत चुकून युरियाचं द्रावण (धूर साफ करण्यासाठी वेगळ्या टाकीत घालतात ते) ओतलं गेलं असेल तर किल्ली ऑनही करू नका. इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत तेवढ्यानेही ते पुढे ढकललं जातं, आणि वाळल्यावर त्याचे स्फटिक पंप-इंजेक्टर खातात. टाकी आधी रिकामी करा.

कॉमन रेल गाडी

इथे पाना घेण्याआधी डॅशबोर्ड वाचायचा. इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत असेल तर किल्लीची ओळख पटलेली नाही. दुसरी किल्ली लावून बघा. चेक इंजिनचा दिवा किल्ली ऑन केल्यावरही लागत नसेल तर कंट्रोल युनिटलाच करंट नाही: त्याचा फ्यूज, मेन रिले, अर्थ बघा.

सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. इंजिन फिरतंय आणि काटा शून्यावर चिकटलाय, तर क्रँक सेन्सरवर पहिला संशय. कंट्रोल युनिटला इंजिन फिरतंय हेच कळत नसेल तर ते डिझेल सोडणार नाही. सेन्सरच्या टोकावर लोखंडाचा कीस चिकटलेला असतो, तो पुसून, कनेक्टर साफ करून बघा. काही गाड्यांत काटा स्टार्ट झाल्याशिवाय हलतच नाही, त्यामुळे आपल्या गाडीत एरवी काय होतं ते माहीत असावं.

स्कॅनर असेल तर सेल्फ मारताना रेल प्रेशर वाचा. बहुतेक इंजिनांना उठायला साधारण २०० ते ३०० बार लागतात. तेवढा होत नसेल तर क्रमाने: फिल्टर चोक आहे का, हाय प्रेशर पंपाला येणारं डिझेल बिनबुडबुड्याचं आहे का, मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जाईल ते ठरवणारा) अडकलाय का, आणि मग इंजेक्टरची परतगळती. परतगळतीसाठी प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला वेगळी नळी आणि सारख्या मापाची बाटली लावून सेल्फ मारा. एकच बाटली इतरांच्या कित्येक पट भरली तर तो इंजेक्टर दाब पळवतोय. एका इंजेक्टरमुळे सहाही सिलिंडर उपाशी राहतात, म्हणून ही चाचणी हाय प्रेशर पंप बदलण्याआधी करायची.

नवा फिल्टर बाहेरच्या डब्यातून भरून बसवायची जुनी सवय इथे सोडा. ते डिझेल गाळलेलं नसतं आणि थेट पंपाच्या बाजूला जातं. कोरडा बसवा, प्रायमरने भरा.

पांढरा धूर

डिझेल येतंय, उष्णता कमी पडतेय. थंड हवेत आधी हीटर. लहान ट्रकमध्ये ग्लो प्लग, मोठ्यांत बहुधा मॅनिफोल्डमधला ग्रिड हीटर. ग्लो प्लगची वायर काढून टेस्ट लॅम्प बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून प्लगच्या टोकाला लावा; दिवा लागला तर आतली तार शाबूत, नाही लागला तर प्लग गेला. ग्रिड हीटर चालू झाला की बॅटरीचा व्होल्टेज लक्षात येईल इतका खाली येतो. काहीच फरक पडत नसेल तर त्याचा रिले किंवा फ्यूज बघा.

हीटर असलेल्या गाडीत ईथरचा स्प्रे मारू नका. लाल तापलेल्या प्लगवर तो वेळेआधी पेटतो आणि पिस्टनच्या रिंगा, कधी पिस्टनच, फुटतो. थंडीने डिझेलमध्ये मेण धरलं असेल, फिल्टरच्या काचेत दुधाळ दिसत असेल, तर गरम पाण्यात बुडवलेली फडकी फिल्टरला आणि लाइनला गुंडाळा. टाकीखाली जाळ नको आणि टाकीत पेट्रोल तर मुळीच नको. त्याने डिझेलचं वंगण आणि पेट घेण्याची क्षमता दोन्ही कमी होतात, आणि टाकीत स्फोटक वाफ जमते.

हवा उबदार आहे, सेल्फ जोरात आहे आणि तरी पांढरा धूर, तर कॉम्प्रेशन किंवा टायमिंग (डिझेल फवारण्याची नेमकी वेळ). नुकताच पंप काढून बसवला असेल तर टायमिंग आधी बघा. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स फार कमी ठेवलं गेलं असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीत आणि दाब निसटतो. हे फीलर गेजने तपासायला अर्धा तास पुरतो. मग कॉम्प्रेशन गेज. निरोगी इंजिन साधारण २५ ते ३० बार दाखवतं; आकडा मॅन्युअलशी जुळवा, आणि सिलिंडर-सिलिंडरमधला फरक त्याहून महत्त्वाचा माना. शेजारचे दोन सिलिंडर दोन्ही कमी असतील तर त्यांच्या मधलं हेड गॅस्केट फुटलंय.

काळा धूर, घुसमट

एअर फिल्टर काढून एकदा सेल्फ मारून बघा, तेवढ्यापुरतंच. उठला तर फिल्टर. एक्झॉस्ट ब्रेकची फुलपाखरी झडप बंद स्थितीत गंजून अडकली तरी इंजिन श्वास सोडू शकत नाही. तिचा लिव्हर हाताने हलतो का बघा. पार्किंगमध्ये बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या पाइपात उंदराचं घरटं किंवा कोणीतरी कोंबलेलं फडकंही निघतं.

उठतो आणि लगेच बंद पडतो, किंवा फक्त गरम असताना उठत नाही

उठून अर्ध्या मिनिटात मेला तर ओढणाऱ्या बाजूची हवा, बुजलेलं टाकीचं झाकण किंवा भरलेला फिल्टर. सकाळी रडतो, दिवसभर ठीक चालतो: रात्री डिझेल टाकीत परत उतरतंय, फीड पंपाचा एकतर्फी व्हॉल्व्ह बघा, नाहीतर हीटर. उलट, थंड असताना अर्ध्या किल्लीत उठतो आणि तापल्यावर नाही, तर गरम डिझेल पातळ होऊन झिजलेल्या पंपातून किंवा इंजेक्टरमधून निसटतंय. रोटरी पंपाच्या (एकच पंप फिरत सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटतो) गाडीत गार पाण्याने भिजवलेलं फडकं पंपावर दहा मिनिटं ठेवल्यावर उठला, तर पंप झिजलाय याची जवळपास खात्री. तापल्यावर दगा देणारा क्रँक सेन्सरही हेच लक्षण दाखवतो.

गाडी उठल्यावर लगेच रेस करू नका. टर्बोला ऑइल पोहोचायला काही सेकंद लागतात. ऑइलचा दिवा विझला की बॅटरीवर मीटर लावा. २७.५ ते २८.५ व्होल्ट आले तर अल्टरनेटर चार्ज करतोय. २५ च्या आसपासच अडकला असेल तर गाडी पुन्हा बंद करू नका. पुढच्या वेळी ती उठणार नाही.

मिस्त्रीला फोन करायची वेळ आली तर 'स्टार्ट होत नाही' एवढंच सांगू नका. सेल्फ कसा फिरतो, धूर कुठल्या रंगाचा, सेल्फ मारताना व्होल्टेज किती, डॅशबोर्डवर कुठले दिवे, आणि शेवटचं काम काय झालं होतं, हे सांगा. काल फिल्टर बदलला आणि आज गाडी बंद, तर तो आधी फिल्टरचा सील घेऊन येईल, पंप उतरवायचे पाने नाही.